रेणुकाबाईंची रेहल

दिनांक १० जुलै २०२५, गुरुवार, आषाढ पौर्णिमा. आभाळ दिवसभर भरलेलं, पाऊस नाही, संध्याकाळी हैदराबादच्या तारनाक्याला गार वारा.

त्या संध्याकाळी मला विहाराच्या कपाटातून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि उघडून सतरंजीवर बसवलं. मी एक रेहल. ग्रंथ उघडा ठेवून वाचायची लाकडी घोडी. एकाच सागवानी फळीच्या पोटातून माझी दोन्ही पानं काढली आहेत. माझ्यात खिळा नाही, बिजागरी नाही, आणि ग्रंथाच्या ओझ्यानं मी आजवर कधी डगमगले नाही.

चारमिनारच्या मागच्या एका गल्लीत मी घडले. रेणुकाबाई तेव्हा जामबागच्या मराठी शाळेत नुकत्याच लागल्या होत्या. पहिल्या पगारात त्यांनी मला घेतलं. पण रेहल म्हणजे कुराण ठेवायची, म्हणून घेण्याआधी त्या जरा घुटमळल्या. म्हातारा सुतार हसला.

"कोनसी बी किताब रखो आपा, लकडी कू क्या फरक? पढना होना बस."

तेव्हापासून मी तारनाक्याच्या विहारात आहे. मराठवाड्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आलेल्या कुटुंबांनी तो बांधला. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथं रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. वाचायच्या त्या रेणुकाबाई. सकाळी शाळा, संध्याकाळी विहार. शाळेत मुलं कमी पडली की बाई कोठी भागातल्या दुकानांमागच्या घराघरांत जाऊन मुलं घेऊन यायच्या. विहारात उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्यावर पाटी ठेवून त्यांनी कितीतरी बायकांना सही करायला शिकवलं.

एकदा विहाराच्या नळाचं काम अडलं होतं. बाई त्याच बायकांना घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेल्या. मलाही पिशवीत घालून नेलं होतं. साहेब जागेवर नव्हते.

"येऊ देत सावकाश," बाई शिपायाला म्हणाल्या, "तोवर आम्ही इथंच वर्ग घेतो."

आणि खरंच व्हरांड्यात बाराखडी सुरू झाली. साहेब आले तेव्हा वर्ग 'भ'पर्यंत पोचला होता. नळ त्याच आठवड्यात आला.

माणसांच्या सवयी मला जवळून दिसतात. म्हातारी माणसं ग्रंथ उघडण्याआधी हात धुतात. तरुण पोरं कुणी बघत नसलं की माझ्यावर मोबाईल ठेवून चार्जिंगला लावतात. बाईंची सवय वेगळी. एक परिच्छेद वाचायचा, मग आपल्या गल्लीतलं उदाहरण द्यायचं, मग पुन्हा पुढचा परिच्छेद. ऐकणाऱ्याला ग्रंथ कुठं संपला आणि बाई कुठं सुरू झाल्या ते कळायचं नाही.

कोरोनात विहार बंद झाला तेव्हा बाईंनी मला घरी नेलं. रोज माझ्यासमोर बसून वाचायच्या आणि फोनवर आवाज भरून सगळ्या घरांना पाठवायच्या. तेच आवाज पुढं महाग पडले.

कारण मागच्या वर्षी बाईंच्या डोळ्यांना अधूपण आलं. समोरचा माणूस कडेकडेनं दिसतो, पण नेमकं मधलं अक्षर पुसल्यासारखं होतं. समितीचे अध्यक्ष सूर्यभानकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, बाईंना फार मानणारे. ते म्हणाले, "बाई, डोळ्यांना कशाला त्रास? तुमचा आवाज आहे की भरलेला. स्पीकर लावू, रोज एक ऐकवू."

"म्हणजे मी मेल्यावरही मीच वाचत बसू?" बाई म्हणाल्या. "मला सुट्टी द्या की काका. पोरांतलं कुणीतरी वाचेल."

"पोरं? त्यांना मराठी बोलायलाच येते अर्धी. वाचणार कोण?"

ठरलं असं की यंदा पोरांतल्या कुणीतरी वाचायचं. आश्विन पौर्णिमेला सगळ्यांसमोर निकाल. जमलं नाही तर पुढच्या वर्षीपासून स्पीकर. बाईंची आयुष्यभराची मेहनत त्या एका संध्याकाळवर आली.

पुढं आली ती प्रियदर्शिनी. वीस-बावीस वर्षांची, मेट्रोनं अमीरपेटला कामाला जाणारी. पहिल्या दिवसापासून तिनं घडाघडा वाचलं. अडखळणं नाही, चुकणं नाही.

"पोरगी रेडिओवानी वाचतीय," सूर्यभानकाका म्हणाले.

मला मात्र लवकरच शंका आली. एका संध्याकाळी पंख्याच्या वाऱ्यानं माझ्यावरची दोन पानं एकदम उलटली. प्रियदर्शिनी थांबली नाही. तिनं पान मागं घेतलं नाही, नजरही हलवली नाही, आणि वाक्य मात्र आधीच्याच पानावरचं पुढं चाललं. मी लाकूड. सांगणार कुणाला?

ऑगस्टच्या मध्यावर ते बाईंच्याही ध्यानात आलं. रागाला आवर घालण्याचा भाग होता. प्रियदर्शिनी त्याच लयीत म्हणाली, "जसं तारनाक्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला की आपण थांबतो, मागचा कितीही हॉर्न वाजवो, तसं रागालाही थांबवावं."

मग सूर्यभानकाकांनी चष्मा काढला.

"तारनाक्याचा सिग्नल ग्रंथात कधी आला गं?"

लोक हसले. पोरीचा चेहरा उतरला. बाई हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्या तिच्याशेजारी बसल्या. काका दाराशी चपला शोधत रेंगाळले.

"माझं कोरोनातलं पाठ केलंस?"

"हौ टीचर. मेट्रोत, कानात लावून. रोजचं रोज." ती खाली बघत होती. "शाळेत इंग्लिश, तेलुगू होतं, हिंदी थोडीशी. मराठी नव्हतंच. मला वाटलं, ते सिग्नलचं पण बुकातलंच आहे."

"कुकरची शिट्टी वाचली नाहीस, एवढं नशीब," काका दारातून म्हणाले.

"ती कळली मला, काका."

मग तिघंही हसले. काका म्हणाले, "असू दे पोरी. आवाज छान आहे तुझा. उद्यापासून असंच म्हण, मी कुणाला बोलणार नाही. लोकांनाही आवडतं."

सोपी वाट होती. बाईंनी ती घेतली नाही.

"एवढं पाठ करणाऱ्या पोरीला वाचता येणार नाही असं होतंय का?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून बोट ठेवून वाचायचं. सगळ्यांसमोर. जेवढं होईल तेवढं."

"टीचर, लोक उठून जातील."

"जाऊ देत. तू बसून राहा."

लोक गेलेही. आधी आठवड्याभरात मागची रांग रिकामी झाली, मग मधली. प्रियदर्शिनी एकेका शब्दावर बोट टेकवायची आणि ते बोट थेट माझ्यापर्यंत पोचायचं. अक्षर दिसत नसलं तरी चुकलेला शब्द बाईंच्या कानाला लगेच कळायचा. "परत," एवढंच म्हणायच्या. शाळेत म्हणायच्या तसंच, न रागावता, न कंटाळता. 'प्रज्ञा' आणि 'तृष्णा' या दोन शब्दांनी चार संध्याकाळी खाल्ल्या. सप्टेंबर सरता सरता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: आता पान उलटण्याआधी ती शेवटच्या ओळीवर थांबत होती.

माझं म्हणाल तर माझी एक कड चिरली आहे आणि पॉलिश उडालं आहे. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. माझ्यावर रोज ग्रंथ ठेवा, रोज कुणाचं तरी बोट फिरू द्या. मोबाईलला भिंतीवर दुसरी जागा आहे.

आश्विन पौर्णिमेला विहार भरला. सूर्यभानकाकांनी स्वतः ग्रंथ माझ्यावर ठेवला आणि डोळे मिटून मधलंच एक पान उघडलं. बाई पहिल्या रांगेत बसल्या. प्रियदर्शिनीनं ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तीन जोडाक्षरांवर ती अडली, एक वाक्य तिनं परत वाचलं, आणि कुणी उठून गेलं नाही.

समितीनं त्याच सभेत ठरवलं: पुढच्या वर्षावासाचं वाचन प्रियदर्शिनी करील. रोज एकच पान. ग्रंथ तीन महिन्यांत पुरा होणार नाही. राहिलेला त्याच्या पुढच्या वर्षी. स्पीकर घ्यायचा नाही.