भरतीच्या वेळी

ओनिकाला कुठलंच काम टिकत नव्हतं. बेकरीत पाव पिशव्यांत भरताना तिचा जीव आंबून गेला. औषधांच्या दुकानात जांभया देताना मालकाने पकडलं. फोनच्या दुकानातून तर ती दुपारी जेवायला म्हणून गेली, ती परतलीच नाही.

"बुडाला मुंग्या चावतात का गं तुझ्या?" आई विचारायची. "सतरा वर्षांची घोडी झालीस!"

तेवढ्यात कथबर्टमामाचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मामा समुद्राच्या बांधावरच्या दरवाजाचा राखणदार. डेमेराराच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. ओहोटीला चाक फिरवून तो जाड लाकडी दरवाजा वर उचलायचा, म्हणजे गावातल्या चरांचं पाणी समुद्रात जायचं. भरती यायच्या आत खटका ओढून खाली सोडायचा. मामाच्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत हे काम ओनिकाने करायचं ठरलं.

"एवढंच काम?" ओनिकाने विचारलं.

"एवढंच. पण इथून हलायचं नाही," मामा म्हणाला.

दोन दिवस ती हलली नाही. चिखल, बगळे आणि पुन्हा चिखल. तिसऱ्या दिवशी तिने दरवाजा उचलला आणि पाणी ओसरताना बघत बसली. खाली चरात युलालीमावशी, गावातली कोळंबी विकणारी म्हातारी, गुडघाभर पाण्यात जाळं धरून उभी होती.

"मावशी, मी आलेच हं!" ओनिका ओरडली. मावशीने ऐकलं की नाही, कोण जाणे.

तिच्या मैत्रिणीच्या, लटोयाच्या घरी लग्नाची गडबड होती. बायका ओसरीवर बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या, केळ्याचे काप खात नवऱ्यामुलाची टर उडवत होत्या. ओनिकाच्या डोक्यावर अर्ध्या वेण्या झाल्या आणि तिची नजर सहज अंगणातल्या गटाराकडे गेली. एक वाळकं पान घराच्या दिशेने वाहत येत होतं. मग दुसरं.

पाणी उलटं वाहत होतं.

ती अनवाणीच पळत सुटली.

वारा समुद्राकडून सुटला होता आणि त्याने भरती लवकर आणली होती. उघड्या दरवाजातून तांबूस पाणी गरजत आत घुसत होतं. काठावर मावशीची बादली होती. मावशी नव्हती.

"मावशी! युलालीमावशी!"

पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. मावशी दरवाजाखालच्या बोळात अडकली असेल तर? वरून एवढं मोठं लाकूड कोसळलं तर? ओनिका लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरली. पाण्याने तिला कमरेला धरून ओढलं. एका हाताने पायरी गच्च धरून तिने दुसरा हात बोळात घातला. चाचपडताना फाटकं जाळं हाताला लागलं. दुसरं काही नाही. गावाच्या बाजूने पाणी शिरलेल्या घरांतल्या बायका किंचाळत होत्या.

ती वर आली. चाकाच्या दांड्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला. "देवा, ती तिथं नसू दे," म्हणत तिने खटका ओढला. चाक गरगरलं. दरवाजा धाडकन खाली बसला आणि एकदम सगळं शांत झालं.

त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली. आपण आत्ता एका माणसाला चिरडलं, हाच विचार घेऊन ती चराच्या काठाने धावत सुटली. चरावरच्या पुलापाशी तिला कोणीतरी शिव्या घालताना ऐकू आलं. इतक्या गोड शिव्या तिने जन्मात ऐकल्या नव्हत्या. मावशी पुलाच्या खांबाला मिठी मारून गळ्यापर्यंत गढूळ पाण्यात उभी होती.

"बघतेस काय, टवळे? हात दे!"

गावात बऱ्याच अंगणांत पाणी शिरलं होतं. कुणाची बदकाची पिल्लं गेली, कुणाची भाजी खारवली. संध्याकाळी लोक येऊन आईला वाट्टेल ते बोलून गेले. आई ओनिकाकडे पाठ करून भांडी घासत बसली.

डोळ्याला पट्टी बांधलेला मामा तेवढा जवळ बसला.

"मला नको हे काम, मामा. माझ्याच्यानं नाही होणार."

"मला दिसत नाही, तुला धीर नाही. मग उद्या दरवाजा कोण सोडणार?"

"तुला कंटाळा नाही येत?"

"येतो की! मरणाचा येतो. पण मी तिथंच बसून कंटाळतो."

दुसऱ्या दिवशी ती गेली. दरवाजा उचलला आणि समुद्रावरची नजर हटवली नाही. दर लाटेला वाटे, हीच भरतीची. मावशीही आली, हातात दुसऱ्याचं मागून आणलेलं जाळं घेऊन.

"आज कुठं लग्नबिग्न नाही ना?"

ओनिकाने मान हलवली. मावशी पाण्यात न उतरता तिच्याशेजारीच टेकली. "आज मी इथंच बसते बाई. माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही."

मामाची पट्टी सुटेपर्यंत ओनिकाने ते काम केलं, आणि सुटली त्याच दिवशी सोडलं. सुरुवातीला बोलल्याप्रमाणे शेवटपर्यंत केलेली तिची ती पहिली नोकरी. पुढच्या सोमवारी ती एका शिंपिणीकडे लागली. तिथे कंटाळा आला की ती उठून दाराशी उभी राही, आणि परत येऊन बसे.