कठड्यावरचा चमचा

चर्चच्या गायनमंडळात तिला सगळे भोंगा म्हणत. नाव प्रेमानंच पडलं होतं. तिचा आवाज शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्यालाही सोडत नसे. त्या भोंग्याच्या स्वरयंत्रावर आता गाठ आली होती.

"उद्या सकाळी काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आवाज राहीलच, असं मात्र मी सांगत नाही."

नवरा घड्याळजी. धीर द्यायचा म्हणून त्यानं थट्टा केली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच या घरात शेवटचा शब्द माझा!" आणि त्याचाच चेहरा पडला. मग तो चष्मा पुसत दुकानात निघून गेला.

ती सासूबाईंच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत बसली. मरणाची भीती परवडली असती, ही भीती वेगळी होती. दर रविवारी चर्चच्या शाळेत ती मुलांना विचारायची, "देवानं तुम्हाला कशासाठी घडवलं?" मुलं ओरडायची, "त्याच्या गौरवासाठी!" उत्तर तिला सोपं वाटायचं, कारण तिच्याकडे गळा होता. आता तोच गेला, तर देवाला आपला उपयोग काय?

तिनं पलंगाकडे पाहिलं. झटका आल्यापासून सासूबाईंची वाचा गेली होती, अर्धं अंग गेलं होतं. देव यांना न्यायचं विसरला बहुतेक, असं तिच्या मनात कितीदा तरी आलं होतं, दयेपोटीच म्हणा. आज तो विचार तिच्यावरच उलटला. उद्यापासून आपणही अशाच! चादरीची घडी काही केल्या जमेना.

भीती घालवायला तिनं नुसते ओठ हलवत रोजचं स्तोत्र धरलं. रियाज ती याच खोलीत करायची.

टक. टक.

सासूबाई तिच्या ओठांकडे बघत चमच्यानं पलंगाच्या कठड्यावर वाजवू लागल्या. हे नेहमीचंच. ही गायला लागली, की यांना हटकून तहान लागायची. मग ही घाईघाईनं पाणी पाजायची, सासूबाई मुकाट्यानं पिऊन गप्प व्हायच्या, आणि हिचं गाणं पुढे चालू.

ती सवयीनं पेला घेऊन उठली आणि जागीच थबकली. आज मध्ये तिचा आवाज नव्हता, म्हणून चमचा नीट ऐकू येत होता. दोन ठोके सावकाश, दोन घाईचे, आणि ओळ संपते तिथे श्वासापुरता थांबा. तिचे ओठ केव्हाच मिटले होते. चमच्यानं ते कडवं एकट्यानं शेवटपर्यंत नेलं.

इतकी वर्षं सासूबाई तिच्याबरोबर गात होत्या. आणि दरवेळी तिनं त्यांच्या तोंडात पाणी ओतून त्यांना गप्प केलं होतं.

तिनं पेला खाली ठेवला. डोळ्यांना धार लागली. उद्याची भीती होती तिथेच होती.

चमचा हवेत थांबला होता. सासूबाई तिच्याकडे बघत वाट पाहत होत्या. तिनं बोट कठड्यावर टेकवलं आणि पुढचं कडवं धरलं.