एक टक्का आणि पितळी पाटी

आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आमच्या गल्लीला पर्यटनाचा झटका आला.

गल्ली परदेशातली, तांजोंग पगार भागातल्या ऑफिसांच्या मागे, जुन्या दुमजली दुकानघरांची. खाण्याच्या जागा सहा. एका टोकाला अंकल कोह यांचं फिश सूप, दुसऱ्या टोकाला आईचं ‘हिराज किचन’. मधल्या जागांची नावं इतक्या वेळा बदलतात की ती लक्षात ठेवायचा त्रास कुणी घेत नाही. अपवाद निशिकांत यांच्या वाइन बारचा. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी तो काढला, आणि तिथे ते उकडीच्या मोदकावर काळ्या व्हिनेगरचे थेंब सोडून तो दगडी फरशीच्या तुकड्यावर वाढत. तो मोदक मी एकदा खाल्ला आहे. चव अजून आठवते, विसरण्याचा प्रयत्न करूनही.

निशिकांत यांचं आडनाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. आईच्या खानावळीत आडनाव विचारायची बंदी होती. नवा मराठी माणूस आला की शेजारच्या टेबलावरून हमखास प्रश्न यायचा, “आपलं आडनाव काय म्हणालात?” त्यावर आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “नाव सांगा, गाव सांगा, वरण आणखी हवं का ते सांगा. बाकीचं बाहेर जाऊन!” मग माणसं हसायची, आणि ज्यांना खरंच जाणून घ्यायचं असे ती भिंतीकडे बघायची. काउंटरच्या मागे बाबासाहेबांची तसबीर होती. निळा कोट, चष्मा. काहींना तेवढ्याने पुरे व्हायचं. ती पुन्हा यायची नाहीत. बाकीची पुन्हा पुन्हा यायची. निशिकांत दुसऱ्या प्रकारातले. आठवड्यातून तीनदा येत आणि नेमके त्या भिंतीला पाठ करून बसत. सुकट असली की बोटं चाटत.

अंकल कोह यांची समजूत वेगळी होती. तसबिरीतला माणूस म्हणजे आईचे वडील, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. दर चिनी नववर्षाला ते दोन संत्री घेऊन येत, तसबिरीपुढे ठेवत आणि मान लववत. मी आईला म्हणायचे, अगं, त्यांना खरं सांग की. आई म्हणायची, “बापच आहे आपला. काय चुकलं त्यांचं?”

निशिकांत आमच्या गल्लीच्या संघाचे अध्यक्ष होते. मोठ्या हॉटेलांत बिलाखाली सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि पर्यटनासाठी एक टक्का अशी आकड्यांची शेपटी असायची. आपल्या गल्लीची बिलं त्यामानाने बोडकी दिसतात, याचं त्यांना वाईट वाटे. त्यांनी सुचवलं, आपणही गिऱ्हाइकाकडून गल्लीच्या नावाने एक टक्का घ्यायचा. त्यातून कंदील लावायचे, नकाशा छापायचा, जुन्या काळचा पोशाख घातलेला गाइड ठेवायचा आणि प्रत्येक दारावर त्या जागेची गोष्ट सांगणारी पितळी पाटी बसवायची. आमच्यावर हा कर लादणारं कुणी नव्हतं, म्हणून सहाही जणांची संमती हवी होती. पाच जणांनी दिली. उरले आम्ही.

निशिकांत जेवायला आले तेव्हा काउंटरवर बाबा होते. बाबा म्हणजे यादवराव, याच शहरातल्या आंग मो किओ भागातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आई गेल्यापासून ते ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’ एवढंच बोलत.

“यादवराव, पहिली पाटी हिराताईंची,” निशिकांत म्हणाले. “फोटोसकट. पितळेत कोरून.”

“फोटोसकट?”

“तोच, काउंटरपाशी काढलेला. हातात डाव आहे तो.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती पाटी किती हवी आहे हे सांगायची गरज नव्हती. आईचा चष्मा अजून मसाल्याच्या डब्यावर तसाच होता. तो उचलायचं आम्हा दोघांनाही जमलं नव्हतं. इथे तिच्या नावाचा एकही दगड नाही. राख समुद्रात गेली.

“दीप्ती, हो म्हणून टाक,” बाबा म्हणाले. त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य.

मी हो म्हणणारच होते. खानावळ चालवायला मी नोकरीतून बिनपगारी रजा घेतली होती. दारावर आईचं नाव राहिलं तर ती रजा वाया गेली असं वाटलं नसतं.

बैठक वाइन बारच्या माडीवर झाली. मधल्या बाकीच्या तीन जागांचे मालक आले, त्यांतले दोघे आपली जागा विकायला काढून आले होते. गल्लीच्या भविष्याबद्दल सर्वांत जास्त उत्साह त्यांनाच होता. अंकल कोह यांनी संमती दिली असली तरी त्यांना भांडायचंच होतं. “जीएसटी जस्ट गो अप. नाऊ यू ऑल्सो गो अप. सूप सेम सूप, व्हाय?” निशिकांत त्यांना म्हणाले, “अंकल, लोक आता सूप नाही पीत, अनुभव घेतात.” कोह म्हणाले, “देन अनुभव पुट इन युवर बाउल.” त्यांनी अर्थात ‘एक्स्पीरिअन्स’ म्हटलं, मी लिहिताना त्यांना थोडं मराठी शिकवलं.

मग निशिकांत यांनी पाट्यांसाठी नेमलेल्या सल्लागार बाई उभ्या राहिल्या. प्रोजेक्टरने भिंतीवर चित्रं पडू लागली. कोह यांची जागा म्हणे ‘समुद्री चाच्यांचं आवडतं सूप’. कोह यांनी मान डोलावली. त्यांच्या मते चाचे पैसे रोख देत असणार. त्यानंतर आमची पाटी आली.

आई हसत होती. हातात डाव होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: पेशवाईपासून चालत आलेल्या पुण्याच्या ब्राह्मण घराण्यातल्या शुद्ध शाकाहारी पाककृती, हिराआजींच्या हातच्या.

आई खामगावची. पुणं तिने एकदाच पाहिलं होतं, गाडी बदलताना. नातवंडंही नव्हती. पण मी पाहत होते ते फोटोतल्या तिच्या खांद्यामागे. तसबीर होती तिथे आता पितळेची समई तेवत होती.

“मागचा फोटो कुठे गेला?” मी विचारलं.

बाई म्हणाल्या, “बॅकग्राउंड क्लीन केलं.”

निशिकांत माझ्या शेजारी येऊन बसले आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “दीप्ती, समजून घे. पर्यटकांना पटकन कळेल असं काहीतरी लागतं. आणि आपल्याकडूनही लोक येतात फिरायला. त्यांना उगाच प्रश्न पडायला नको.”

“कुठला प्रश्न?”

“तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. तुम्ही म्हणा.”

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला.

“तुम्ही आईच्या हातची सुकट खाल्लीत,” मी म्हणाले. “ती शुद्ध शाकाहारी कधी झाली?”

“अगं, ते मार्केटिंग आहे.”

बाबा माझ्या दुसऱ्या बाजूला होते. ते भिंतीवरच्या आईकडेच पाहत होते. तीन महिन्यांनी ती एवढी मोठी समोर आली होती, आणि मी तिला परत पाठवायला निघाले होते. मला वाटलं, त्यांनी जर आता माझ्या हातावर हात ठेवला तर मी गप्प बसेन. समईसुद्धा चालवून घेईन.

“व्हॉट हॅपन?” कोह यांनी विचारलं.

“पाटीवरून मागची तसबीर काढली,” मी इंग्रजीत सांगितलं.

कोह खुर्चीतून पुढे झाले, डोळे बारीक करून भिंतीकडे बघू लागले. “द ब्लू कोट? हर फादर?” ते निशिकांतकडे वळले. “यू कट अवे हर फादर? देन हँग हर आउटसाइड द डोअर? कॅनॉट लाह!”

“अंकल, ते त्यांचे वडील नाहीत. ते...” निशिकांत थांबले. एवढ्या वर्षांत त्यांनी ते नाव त्या गल्लीत एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

“फादर-इन-लॉ,” बाबा इंग्रजीत म्हणाले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “माय फादर-इन-लॉ.”

बाबांना आयुष्यात खोटं बोलताना मी ऐकलं नाही. तेव्हाही ऐकलं असं मला वाटत नाही.

“सी!” कोह म्हणाले. “आय गिव्ह ऑरेंज एव्हरी इयर. नाऊ यू पुट लॅम्प. माय यस, आय टेक बॅक.”

सल्लागार बाईंनी सुचवलं की तसबीर लहान करून कोपऱ्यात घालता येईल. बाबा म्हणाले, “नो.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, “पाटी नको, बेटा. चल.”

एक टक्का उपसमितीकडे गेला. उपसमितीत ते दोघे होते ज्यांनी जागा विकायला काढल्या होत्या. कंदील आजतागायत लागलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निशिकांत येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण सुकट होती, आणि तिचा वास गल्लीभर जातो. ते दारात आले, जरा थबकले, मग आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे वळले. बाबा काउंटरमागून बाहेर आले. त्यांनी ती खुर्ची उचलली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“आजपासून इथं बसा,” ते म्हणाले. “इथून सगळं दिसतं.”

निशिकांत बसले. मी ताट आणलं. भाकरी, वांगं, सुकट. ते मान खाली घालून जेवले, बराच वेळ. पण जेवताना माणसाला कधीतरी पाणी प्यावं लागतं, आणि पाणी पिताना मान वर होतेच.

“आणखी सुकट?” बाबांनी विचारलं.

ते तसबिरीकडे पाहत होते. “हो,” म्हणाले. “थोडी.”

मी वाढली. आईने वाढली असती तेवढीच.