डाव्या कुशीवर

शिवणबाईंच्या कोंबडीच्या अंगावर एक ऊ शोधून दाखवा, अशी पैज गल्लीत कुणी लावत नसे. हरणार हे ठरलेलंच. बाईंनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, पण जीव कोंबड्यांत. दुकानातली पावडर त्यांना चालायची नाही. "विष ते विषच, मग डब्यावर कोंबडीचं चित्र का असेना!" त्यांचं आपलं साधं होतं. पाण्यात ठेचलेला लसूण, खुराड्यात दर आठवड्याला कोरडा भुसा, भुशाखाली कडुनिंबाचा पाला. आणि मागच्या अंगणात एक ऐसपैस उथळ खड्डा, त्यात चाळलेली माती नि लाकडाची राख. कोंबडी पाण्यानं थोडीच अंघोळ करते? ती धुळीत या कुशीवरून त्या कुशीवर लोळते, पंख झाडून उठते, की उवा गेल्याच समजा.

नवरा गेला तेव्हा त्याचा लाकडी पलंग नि गादी कुणी फुकटसुद्धा घेईना. दोन वर्षं माणूस त्यावर निपचित पडून होता. गादीला वास, फळ्या भिजून भिजून कुजलेल्या. बाईंनी अंगणातच सगळं जाळून टाकलं. राख मात्र पडली मऊ, पांढरीशुभ्र. ती कशाला वाया घालवायची, म्हणून चाळून खड्ड्यात ओतली. हात चालत होते, डोकं कुठे चालत होतं तेव्हा!

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला बघतात तर काय, अकराच्या अकरा कोंबड्या राखेत डाव्या कुशीवर आडव्या. बाई कौतुकानं बघत राहिल्या. मग लक्षात आलं, लोळत कुणीच नाहीये. पंख हलेना, पाय हलेना, डोळे तेवढे टक्क उघडे. मेली की काय म्हणून त्यांनी तांबडीला चाचपलं, तर अंग गरम आणि छाती धडधडतेय. तिला उलटून उजव्या कुशीवर ठेवलं. तशी ती अंग झाडून उठली आणि दाणे टिपायला निघून गेली. बाकीच्यांनाही एकेक करून उलटावं लागलं.

दहाला पुन्हा तेच. बाराला, दोनला, चारला, सहालाही.

या वेळा बाईंना पाठ होत्या. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दोन वर्षं, दर दोन तासांनी, त्यांनी नवऱ्याची कूस बदलली होती. एकच दुपार चुकली. दुपारी एकला जरा टेकते म्हणून पडल्या, त्या साडेपाचला जाग्या झाल्या. नवरा डाव्या कुशीवर तसाच, डोळे उघडे. कधी गेला देव जाणे. "दोनपासून हात धरून बसले होते, शांत गेले," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लेकीलासुद्धा. लेक ते अभिमानानं चार लोकांत सांगत सुटली, आणि बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं.

गुरुवारी त्या चिडल्या. "मरा मेल्यांनो, मी नाही बांधलेली!" म्हणत मुद्दाम बाजारात गेल्या. परतल्या तेव्हा चार वाजत आलेले. दहा जणी ताटकळत पडलेल्या, तांबडी मेलेली. तिच्या डाव्या पंखाखालची कातडी सोलून लाल झाली होती. ती जखम बाईंनी ओळखली. अशीच एक त्यांनी लेक यायच्या आत सदऱ्याखाली झाकली होती.

रविवारी लेक आली. दोनच्या ठोक्याला आई जेवण अर्धं टाकून अंगणात धावली, तशी तीही मागे गेली. आई वाकून एकेका कोंबडीला उलटत होती, कपाळावरून घाम गळत होता.

"अगं आई, काय झालंय यांना?"

"काही नाही. राख जरा जहाल असेल."

"मग काढून टाकू की! नवी माती घालू." लेकीनं फावडं उचललंसुद्धा.

बाई आडव्या आल्या. "हात लावू नकोस. ती त्यांच्या पलंगाची आहे."

लेकीचे हात थबकले. तिनं खड्ड्याकडे पाहिलं, अजून टक्क डोळ्यांनी पडलेल्या पाच-सहा कोंबड्यांकडे पाहिलं. "बाबांना तू एकदा तरी विसरलीस का? मग आता का जिवाला एवढं लावून घेतेस?"

"विसरले गं!" बाई मटकन खालीच बसल्या. "झोपले मी. दोनची पाळी चुकली, चारची चुकली. हात कसला धरतेय? मी खोटं बोलले तुझ्याशी. ते एकटेच गेले."

लेक म्हणाली, "माहितीये मला. त्या दिवशी मी तीनला फोन केला होता, चारला केला. तू उचलला नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं बोलू? दोन वर्षांत मी त्यांची कूस एकदाही बदलली नाही."

लेकीनं फावडं खाली ठेवलं आणि उरलेल्या कोंबड्या दोघींनी मिळून उलटल्या. एकेक उठून कुंपणाकडे गेली. शेवटची उठली तेव्हा राखेत त्यांच्या नखांचे ओरखडे नव्हते की पंखांच्या खुणा नव्हत्या. एकच लांबलचक खळगा होता. खांद्याशी खोल, कमरेशी खोल, गुडघ्यात किंचित दुमडलेला.

बाईंनी लेकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. पण लेकीनं हात सोडवून घेतला, बाह्या वर केल्या आणि खळग्याच्या पायाशी गुडघे टेकले.

"तू खांद्याकडून घे," ती म्हणाली.

बाई बसल्या. दोघींनी राखेखाली हात सरकवले. राख कोमट होती. दोघींनी एकदम जोर लावला.

"आई," ती म्हणाली, "किती जड आहेत गं बाबा!"