गच्चीवरचा चहा

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे. सुरतेच्या बमरोली भागात एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर जी मोठी, पांढरी, परातीसारखी खोलगट तबकडी आभाळाकडे तोंड करून बसली आहे, ती मी. माझ्या अंगावर आता गंजाचे ओघळ आले आहेत. शेजारच्या चाळीतल्या बायका कुरडयांचं कापड वाऱ्याने उडू नये म्हणून त्याचं टोक माझ्या पायाला बांधतात. तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या यंत्रावर ही काय पाळी आली! खरं सांगते, कुरडया राखायच्या कामाची मला मुळीच लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याआधीच्या कामाची, ज्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं.

मी इथे आले तेव्हा सुरतेत प्लेग येऊन गेल्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. शहर घासूनपुसून लख्ख झालं होतं आणि लोकांना पुन्हा धंद्याचा हुरूप आला होता. कारखान्यातून मला ट्रकमध्ये घालून आणलं, दोरखंड बांधून वर ओढलं आणि सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलं. मग एक इंजिनिअर पाना घेऊन मला जरा इकडे, जरा तिकडे वळवू लागला आणि खालच्या खोलीतून दुसरा ओरडू लागला, "आला, आला... अरे गेला!" त्यांच्या या खेळात माझी दुपार गेली. शेवटी आभाळातल्या एका उपग्रहाशी माझी नजरानजर झाली आणि त्यांनी माझे बोल्ट घट्ट आवळले. तेव्हापासून माझं तोंड त्याच दिशेला आहे. मला मान वळवता येत नाही.

माझं काम काय होतं? मुंबईच्या शेअर बाजारात एखाद्या शेअरचा भाव बदलला की तो आकडा आभाळात जाई, उपग्रहावरून माझ्या अंगावर पडे आणि वायरीने खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उमटे. हे सगळं तुमची पापणी लवेपर्यंत होई. माझ्याआधी याच खोलीत एक माणूस फोनचा रिसीव्हर कानाला दाबून "हॅलो मुंबई, हॅलो मुंबई" करत बसायचा आणि लाइन लागेपर्यंत भाव शिळा व्हायचा. माझ्यामुळे सुरत आणि मुंबई जणू एका भिंतीला लागून आल्या. लोक वर येऊन मला पाहून जात. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू!

इमारतीचे आणि माझे मालक मगनभाई. गोड बोलणारे, कपाळावर केशराचा टिळा लावणारे शेअर दलाल. कॉम्प्युटरवर योगेंद्र नावाचा तरुण बसायचा. आणि खाली, रस्त्यालगतच्या ओट्यावर, एक काळा फळा टांगला होता. तिथे रघुनाथचं राज्य होतं. रघुनाथ मूळचा खानदेशातला, पारोळ्याकडचा. आधी मागावर कामाला होता. मागाच्या पट्ट्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली, तेव्हा मगनभाईंनी त्याला बसून करायचं काम दिलं. योगेंद्र कॉम्प्युटरवरचे भाव कागदावर उतरवून त्याला देई आणि तो खाली जाऊन खडूने फळ्यावर लिही. बमरोलीतल्या गिरण्यांतले कामगार पाळी सुटल्यावर ओट्यापाशी थांबत. कुणाकडे कंपनीने कामगारांना दिलेले थोडे शेअर असत, कुणी हौसेने घेतलेले असत. त्यांना वर खोलीत जायची हिंमत नव्हती. फळा हाच त्यांचा शेअर बाजार. फळ्यावरच्या भावाने शेअर विकायचा तर मगनभाई तिथल्या तिथे रोख देऊन तो स्वतः घेत.

रघुनाथला या कामाचा केवढा अभिमान! तो इस्त्रीचा शर्ट घालून येई. सकाळी आल्यावर ओल्या फडक्याने आधी मला पुशी, कावळ्यांनी केलेली घाण खरवडून काढी, मग फळ्याकडे जाई. उत्तरायणात पतंगांचा मांजा माझ्या दांड्याला गुरफटला की तो हात कापून घेऊन सोडवी. माझी इतकी निगा पुन्हा कुणी राखली नाही.

मगनभाईंची एक सवय होती. मधूनच ते खिडकीतून खाली डोकावत आणि मायेने म्हणत, "रघुनाथ, जा, चा पी आव. धीमे धीमे पीजे." मग योगेंद्र कागद द्यायचा थांबे आणि रघुनाथ चहाचा ग्लास घेऊन वर गच्चीवर येई. बमरोलीच्या उन्हात सावली कुठली? ती माझीच. माझ्या तबकडीखाली पाय पसरून तो फुर्रफुर्र करत सावकाश चहा पिई. शेठ स्वतः होऊन आपल्याला विसावा देतात, याचं त्याला भारी अप्रूप होतं. खाली जमलेले लोक "फळेवाला गया चाय पीने" म्हणून हसत आणि बिड्या ओढत थांबत.

मला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. भाव माझ्याच अंगावरून खाली जात होता ना! भाव चढायला लागला आणि ओट्यावर विकणारे उभे असले, की नेमकी चहाची आठवण निघे. फळ्यावर जुना, उतरलेला भाव तसाच राही. खालची माणसं त्या भावाने मगनभाईंना शेअर विकत आणि त्याच घटकेला योगेंद्र तेवढेच शेअर मुंबईत नव्या, चढ्या भावाने विकून टाकी. मधला फरक मगनभाईंच्या खिशात. सुरतेतली सगळ्यांत वेगवान वस्तू म्हणून ज्या मला मिरवलं जात होतं, त्या माझ्याच सावलीत बसवून एका माणसाकडून बातमीला उशीर करवला जात होता. मला शरमेने मेल्यासारखं होई. पण छत्रीला वाचा कुठे असते?

रघुनाथला हे कळायला दिवाळी यावी लागली. योगेंद्र सिगारेट ओढायला गच्चीवर आला होता. रघुनाथ चहाचा घोट घेऊन सहज म्हणाला, "योगेंद्र, भाव चढतो तेव्हाच शेठला माझ्या चहाची आठवण कशी येते रे?" योगेंद्र ठसका लागेपर्यंत हसला. "तने आजे समजायुं?" तुला हे आज कळलं होय, असं म्हणाला, आणि सिगारेट माझ्या पायावर विझवून खाली गेला.

रघुनाथ ग्लास हातात धरून बसून राहिला. चहावर साय धरली. मला वाटलं, आता हा खाली जाऊन फळा पुसून टाकील, चार शब्द सुनावील. तसं काही झालं नाही. त्याने बोटाने साय बाजूला केली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो मला पुसायला येई, पण पुसताना तोंड दुसरीकडे करी. घरी तीन पोरं होती आणि अर्धा हात घेऊन मागावर कुणी उभं करणार नव्हतं, हे मलाही समजत होतं. तरी आमच्या दोघांमधला पहिला मोकळेपणा गेला तो गेलाच.

आता धुरपदाबाईंबद्दल सांगते. गच्चीसमोरच्या चाळीत त्या भाड्याने राहत. नवरा सूत बनवणाऱ्या एका कंपनीत होता. तो तापाने गेला आणि मागे ठेवून गेला हर्षदा नावाची मुलगी आणि कंपनीने कामगार म्हणून दिलेले थोडे शेअर. धुरपदाबाई साड्यांना टिकल्या लावायचं काम करत. चाळीला एकच सार्वजनिक नळ. सकाळी शाळेच्याच वेळेला त्याला पाणी येई. बाईंना तयार साड्या त्याच वेळी दुकानात पोचवाव्या लागत. मग हंडा घेऊन रांगेत हर्षदा. तिचा शाळेचा पहिला तास रोज बुडे, आणि पहिला तास गणिताचा. ती रांगेत पाटी घेऊन बसे, ते मला वरून दिसे. हेडबाईंनी निरोप पाठवला होता की असंच चाललं तर मुलीला पुढच्या वर्गात घालता येणार नाही.

चाळीच्या शेवटच्या टोकाला एक खोली विकायला निघाली. तिच्यात घरचा नळ होता! दाराशी पाणी, म्हणजे रांग नाही, म्हणजे हर्षदा वेळेवर शाळेत. धुरपदाबाईंनी शेअर विकायचं ठरवलं. पण घाई केली नाही. खोलीला पुरेल एवढा भाव येईपर्यंत त्या रोज ओट्यापाशी येत आणि विचारत, "रघुनाथभाऊ, भाव काय शे रे आज?" दोघं एकाच मुलखाचे. अहिराणीत बोलायला मिळालं की रघुनाथचा चेहरा उजळे. खोलीच्या मालकाने मात्र निर्वाणीचं सांगितलं होतं: शनिवारपर्यंत पैसे आले तर ठीक, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

तो शनिवार उजाडला नव्हता, शुक्रवार होता. सकाळपासून त्या सुताच्या कंपनीचा भाव चढू लागला. माझ्या अंगावरून आकडे झरझर खाली जात होते आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! धुरपदाबाई शेअरचे कागद पदराखाली धरून ओट्यापाशी आल्या. तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

"रघुनाथ, जा, चा पी आव."

रघुनाथच्या हातात खडू होता. त्याने वर पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, "वाढी का रे भाऊ आखो?" अजून वाढेल का, एवढंच त्यांना हवं होतं. त्याने "हो" म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या.

"बहीण, मी जरा वर जाईसन येस," तो म्हणाला.

तो माझ्या सावलीत येऊन बसला. ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. कठड्यावरून खाली पाहायचं त्याने टाळलं. भाव चढतच होता. मी कडकडून आवाज करावा, वाऱ्याने उन्मळून ओट्यावर पडावं, असं मला वाटलं. वारासुद्धा नव्हता. रघुनाथने डोळे मिटून तो गार झालेला चहा घशाखाली घातला. तो खाली उतरला तेव्हा, शनिवारी बाजार बंद आणि आता भाव वाढायचा नाही असं समजून, धुरपदाबाईंनी कागदांवर अंगठा उठवलेला होता. फळ्यावरच्या जुन्या भावाने आलेल्या पैशांत नळाची खोली बसली नाही. संध्याकाळी त्यांनी चाळीच्या मधोमध एक खोली घेतली, बिननळाची. नळाची खोली शनिवारी दुसऱ्याने घेतली.

मित्रांनो, एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण सोमवारी सकाळी धुरपदाबाई जिना चढून गच्चीवर आल्या. हातात ताट. ताटात हळदकुंकू, फूल आणि साखर घातलेल्या सांजोऱ्या. रघुनाथ मला पुसत होता. त्याच्या हातात सांजोरी ठेवून त्या म्हणाल्या, "नळनी खोली नही भेटनी ते नही भेटनी. पन डोकावर छप्पर उनं. तू व्हता म्हनीसन शेठनी खरा भाव दिधा. नहीतर मन्हासारखीले कोन इचारस?" आणि मग त्यांनी हळदकुंकवाचं बोट माझ्याकडे केलं. मुंबईचा खरा भाव आणून देणारी ही छत्री, तिची पूजा करायची म्हणून त्या आल्या होत्या! माझ्या थंड पत्र्यावर त्यांचं बोट टेकलं. त्या वेळी मला जी लाज वाटली, तशी शत्रूलाही वाटू नये.

"लावू नको!" रघुनाथ जवळजवळ ओरडला. सांजोरी त्याच्या हातातून पडली. "बहीण, लावू नको. मी चहा पी राहिंतू तवय भाव वाढी गयथा. माले माहीत व्हतं. फळा मी मुद्दाम लिखा नही."

धुरपदाबाईंना आधी समजलंच नाही. मग हळूहळू समजलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. हातातलं ताट कठड्यावर ठेवलं.

"माले काय वाचता येस?" त्या म्हणाल्या. "मी फळा दखतच नव्हती रे भाऊ. मी तुन्हं तोंड दखी राहिंती."

एवढं बोलून त्यांनी पदराच्या टोकाने माझ्या अंगावरचं कुंकू पुसून काढलं, अगदी नीट, डाग राहू नये असं. ताट उचललं आणि त्या खाली उतरून गेल्या.

त्या दिवशी दुपारी खिडकी उघडली, चहाची हाक आली, तरी रघुनाथ ओट्यावरून उठला नाही. योगेंद्रकडे कागद मागून मागून त्याने नवा भाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. मगनभाई रागावले नाहीत. त्यांनी गोड हसून त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी दुसरा माणूस होता. पुढे काही काळाने टेलिफोनची नवी वायर आली, मगनभाई ऑफिस घेऊन मोठ्या रस्त्याला गेले आणि मला इथेच सोडून गेले. मला उतरवायचा खर्च माझ्या किमतीपेक्षा जास्त होता म्हणे.

रघुनाथला एका प्रोसेस हाउसमध्ये रात्रपाळीला कापडाच्या गाठी ढकलायचं काम मिळालं. सकाळी पाळी सुटली की तो घरी जात नाही. तो समोरच्या नळाच्या रांगेत येऊन उभा राहतो, हर्षदाच्या जागी. पहिल्या दिवशी धुरपदाबाईंनी त्याच्या हातातून हंडा हिसकावून घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. तो येतच राहिला. आता हर्षदा गणिताच्या तासाला वेळेवर पोचते आणि तो लाल डोळ्यांनी रांगेत पुढे पुढे सरकत असतो.

मित्रांनो, शेवटी "आमची काळजी घ्या" असं म्हणायची आम्हा जुन्या वस्तूंमध्ये रीत आहे. माझ्यासाठी काही मागायला मला तोंड नाही. माझा गंज असाच राहू द्या. पण उद्या तुमच्या हाती माझ्याहून वेगवान यंत्रं येतील, एखादी बातमी जगाआधी तुम्हाला कळेल. त्या वेळी तिची वाट पाहत कोण उभं आहे, ते जरा खाली वाकून बघा आणि त्याला लगेच सांगा. उशिरा सांगितलेल्या खऱ्याची भरपाई फार दिवस करावी लागते. रघुनाथ ती अजून करतो आहे. धुरपदाबाई त्याच्याशी एक अक्षर बोलत नाहीत. हंडा तेवढा त्याच्या हातात देतात.