भिशीला नेलेला भोपळा

“हा एवढा भोपळा कुणासाठी?” नंदकुमारने फ्रिजचं दार उघडं धरूनच विचारलं.

ओट्यापाशी बिस्किटं कुटणाऱ्या सरोजिनीने मान वर केली नाही. “भिशीला न्यायचंय काहीतरी करून.”

“भिशी पहिल्या शनिवारी असते. आज मंगळवार.”

“या वेळी उद्याच ठेवलीय. सुचिताकडे शनिवारी पाहुणे येणारेत, तिची नणंद आणि तिची मुलं. दार लावा ना, गार हवा जातेय सगळी.”

त्याने दार लावलं, पण त्याआधी आतलं सगळं नजरेने टिपून घेतलं. उकडून गाळलेला लाल भोपळा, फडक्यात बांधलेला चक्का, क्रीमचे दोन डबे, आणि मागच्या बाजूला सरकवून ठेवलेला पिस्त्यांचा पुडा. इतका चक्का तर दसऱ्याच्या श्रीखंडालाही त्यांच्याकडे लागत नसे. घरात माणसं दोन. मुलगी मनस्वी लग्न होऊन बंगळूरला.

सत्तावीस वर्षं नंदकुमारने जासईच्या एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर म्हणून काढली होती. कागदावर एक आणि आत दुसरंच, असे किती कंटेनर त्याने पकडले असतील याची गणती नव्हती. विचारलं त्याहून जास्त जो सांगतो, त्याचा माल आधी उतरवायचा, हा त्याचा नियम. सुचिताच्या नणंदेबद्दल त्याने विचारलं नव्हतं.

त्याने पेपर उचलला आणि हॉलमधला सोफा सोडून डायनिंग टेबलाशी येऊन बसला. तिथून ओटा नीट दिसत होता.

“इथे उजेड कमी आहे,” सरोजिनी म्हणाली.

“मला पुरतो.”

तिने चक्का, भोपळा, साखर आणि क्रीम एका भांड्यात घेतलं आणि हलक्या हाताने फेटू लागली. सुंठ, जायफळ, दालचिनी घातली. गोल बुडाच्या खोल भांड्याला लोणी लावून त्यात ते मिश्रण ओतलं, ते भांडं गरम पाण्याच्या ताटात ठेवलं आणि ताट ओव्हनमध्ये सरकवलं. कुठे अडखळली नाही, की मोबाइलवर काही बघितलं नाही. हे पहिल्यांदा करणाऱ्या बाईचे हात नव्हते. मग आधी केलेले पदार्थ कुठे गेले? या घरात तर एकही ताटात आला नव्हता.

तासाभराने तिने ओव्हन बंद केला, पण भांडं बाहेर काढलं नाही. दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून ठेवला.

“झालं ना? मग काढत का नाहीस?”

“एकदम हवा लागली की तडे जातात. हळूहळू गार व्हावं लागतं.”

“कुणी सांगितलं?”

“बघितलं असंच मोबाइलवर.”

मोबाइलवरून त्याला आठवलं. गेल्या आठवड्यात तिच्या फोनवर ‘मोटरवाला’ या नावाने तीनदा फोन आले होते. सोसायटीच्या पाण्याची मोटर बिघडली तर मोटरवाला सेक्रेटरीला फोन करील. सहाव्या मजल्यावरच्या सरोजिनीशी त्याचं काय काम? शिवाय तो फोन आला की ही बोलायला गॅलरीत जात असे आणि दार ओढून घेत असे. संध्याकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा नंदकुमारने तो नंबर पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतला आणि कोपरा फाडून खिशात ठेवला. असं करताना आपले कान तापलेत हे त्याच्या लक्षात आलं.

रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेलं ते भांडं तिने सकाळी काढलं. वर बिस्किटांचा थर दाबून बसवला आणि भांडं ताटलीवर उपडं केलं. थरथरत, पण अख्खा, एक केशरी घुमट खाली उतरला. चमच्याच्या पाठीने तिने त्यावर वरपासून खालपर्यंत चर ओढले आणि बघता बघता त्याचा भोपळा झाला. दालचिनीचा तुकडा देठ म्हणून बसला. पिस्त्याच्या पिठीची पानं तिने एकेक करून चिकटवली, पानांच्या शिराही सुरीच्या टोकाने कोरल्या. आणि हे सगळं करताना ती गुणगुणत होती. इतक्या वर्षांत ती भाकरी थापताना गुणगुणलेली त्याला आठवत नव्हती.

बाई इतकं नटवून कुणासाठी करते? छे, अठ्ठावन्नाव्या वर्षी! त्याने तो विचार झटकला. पण पाच मिनिटांत तो पुन्हा येऊन बसला.

“मला एक तुकडा चाखायला?”

“कापला की शोभा गेली त्याची,” ती म्हणाली. “तुम्हाला शिरा करून ठेवलाय.”

अकरा वाजता ती ठेवणीतली जांभळी साडी नेसून भोपळ्याचा खोका दोन्ही हातांत धरून निघाली. नंदकुमार गॅलरीत उभा राहिला. सुचिताची बिल्डिंग डाव्या हाताला, चालत तीन मिनिटांवर. सरोजिनीची रिक्षा उजवीकडे वळली.

त्याने खिशातला कपटा काढला आणि नंबर लावला.

“हॅलो, ओसरी कॅफे,” एका तरुण मुलीचा आवाज आला. “बोला.”

त्याने फोन कट केला. ते नाव मोबाइलवर शोधलं, तर पत्ता बेलापूरचा निघाला. उलव्याहून बस लगेच मिळाली.

कॅफे छोटासाच होता, पाच टेबलं आणि काचेचं कपाट. त्याने आधी सगळी गिऱ्हाइकं निरखली. दोन कॉलेजच्या मुली, लॅपटॉप उघडून बसलेला एक पोरगेला माणूस. सरोजिनी कुठेच नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून त्याने चहा मागवला. चहा आणणाऱ्या मुलीच्या शर्टावर गीतांजली असं नाव होतं. आवाज फोनवरचाच.

“काका, एक काम करणार का?” तिने विचारलं. “एका सोसायटीत मुलांची हॅलोविन पार्टी आहे, त्यांना भोपळ्याचे चीजकेक पायजेत, बारा. आमच्या नवीन आंटींनी सँपल आणलंय. चौथं. आधीची तीन मी टेस्ट केली, पण मला सगळंच गोड लागतं. कुणीतरी बाहेरचं माणूस पायजे. हे पास झालं की आंटी सोमवारपासून जॉइन.”

“जॉइन?”

“म्हणजे कामाला. माझं किचन त्याच बघणार. ऐकत नाहीत पण कुणाचं! मी म्हटलं, भुताचं तोंड काढा, तर म्हणाल्या, भोपळ्याला भोपळाच राहू दे.” गीतांजली हसली, मग आवाज जरा उतरवून म्हणाली, “एकट्याच असतात बिचाऱ्या. घरी खाणारं कुणी नाही, म्हणून सगळं इकडेच घेऊन येतात.”

नंदकुमारने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्याला मनस्वीचा पाचवा वाढदिवस आठवला. सरोजिनीने कुकरमध्ये वाळू घालून केक केला होता. पाहुण्यांच्या देखत त्याने त्यात विणकामाची सुई खुपसली, बाहेर काढून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला होता, मधे कच्चा आहे, कुणी खाऊ नका. केक कच्चाच होता. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या वर्षापासून केक दुकानातून येऊ लागला. आपलं काही चुकलं असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि नंतर कधी ते आठवलंही नव्हतं.

“आंटी, आणा!” गीतांजलीने हाक मारली.

आतला पडदा सरला. जांभळ्या साडीवर निळा एप्रन बांधलेली सरोजिनी बशी घेऊन बाहेर आली आणि दोन पावलांवर थांबली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग आवळला गेला. पण बशी हलली नाही. ती तशीच पुढे आली आणि तिने बशी त्याच्यासमोर ठेवली. एप्रनच्या खिशात हात घालून उभी राहिली. निकाल काय लागणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी.

त्याने तुकडा तोंडात घातला. थंड, मऊ, आधी भोपळ्याची गोडी आणि मागून सुंठेचा हलका चटका. जायफळ किंचित पुढे येत होतं. तसं सांगणं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

“खालचा थर कुरकुरीत राहिलाय,” तो म्हणाला. “असा मी आजवर खाल्ला नव्हता.”

“बघा आंटी! मी म्हटलं नव्हतं?” गीतांजलीने टाळी वाजवली. “काका, जवळच राहता का? पुढच्या वेळी घरच्यांना पण घेऊन या.”

सरोजिनीने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. नंदकुमारने रुमालाने तोंड पुसलं, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“मी एकटाच असतो,” तो म्हणाला.

गीतांजली काउंटरकडे गेली. सरोजिनी तिथेच उभी होती. काही बोलेल असं त्याला वाटलं. तिने फक्त बशी उचलली आणि विचारलं, “घरी न्यायला देऊ थोडा?” तिच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

“द्या,” तो म्हणाला. लग्नानंतर तिला तो पहिल्यांदाच असं म्हणत होता.

बसस्टॉप समोरच होता. तिथून काचेतून आतलं दिसत होतं. गीतांजली काहीतरी सांगत होती आणि सरोजिनी मान मागे टाकून, कमरेवर हात ठेवून हसत होती. तिचा एक दात किंचित आडवा आहे, हे तो विसरून गेला होता.

उलव्याची पहिली बस त्याने जाऊ दिली. दुसरी आली तेव्हा चढला आणि खिडकीशी बसला. खाडीपुलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवला होता. बस आचके देत चालली होती, आणि नंदकुमारने मांडीवरचा खोका दोन्ही हातांनी उचलून अधांतरी धरला होता.