डाव्या हाताचा होकार

तबकडीतली काळी सुई अजून थरथरत होती — की आपलेच डोळे थरथरतायत, असं वाटून विनिताने पापण्या घट्ट मिटल्या आणि पुन्हा उघडल्या, तर सुई शून्याच्या जरा पुढे येऊन निवांत टेकलेली. गेल्या महिन्यात ती याहून पुढे गेली होती. मुठीची पकड मोजणाऱ्या त्या यंत्रावरचे आकडे तिला कळत नसले तरी पुढे आणि मागे कळत होतं. विपुलने, म्हणजे भिवंडीहून दर आठवड्याला व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरने, ते यंत्र तिच्या नवऱ्याच्या, दौलतच्या, डाव्या मुठीतून एकेक बोट उलगडत सोडवून घेतलं आणि बॅगेची चेन ओढली. ही मुलं वाईट बातमी सांगण्याआधी नेहमी काहीतरी बंद करतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याचा रागच आला.

वजन किती भरलं, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं, आणि सांगताना आवाजात थोडा तोरा आला, तो काही तिला लपवता आला नाही.

कारण ते वजन तिने कमावलं होतं. होळीच्या आधी दौलतला झटका आला, उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेली, आणि दवाखान्यातून जो माणूस घरी आला तो चादरीखाली आहे की नाही हे चाचपून पाहावं लागे. तेव्हाच तिने मनाशी धरलं, की अंग भरलं की हातात जोर येईल — आणि यात तिचं काय चुकलं? काल्हेरमध्ये तिला वेगळं सांगणार तरी कोण होतं? इथल्या शेतांवर गोदामं उभी राहिली, भाडी सुरू झाली, तसे घरोघरचे पुरुष अंगाने सुटले, आणि सुटलेल्या माणसाला कुणी अशक्त म्हटल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. मऊ भात, वर तूप, काटे काढून कुस्करलेला जिताडा, दुधात भिजवलेली तांदळाची भाकरी... घासागणिक हनुवटी पुसायची, तो गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा घास. आणि महिना लागला की चाकाच्या खुर्चीत बसवून त्याला मागच्या गोदामात न्यायचं, पार्सलं तोलायच्या काट्यावर खुर्चीसकट चढवायचं. हमाल हातातली खोकी खाली ठेवून बाजूला व्हायचे, कुणीतरी खुर्चीचं वजन वजा करून आकडा सांगायचा. काल त्यातला एक हसून म्हणाला होता, "भाभी, सेठ तो भारी हो गये." ते वाक्य तिने दिवसभर मनात घोळवलं होतं, रात्री उशीला टेकतानासुद्धा.

"वजन आणि पकड यांचं नातं आहे, काकी, नाही असं नाही," विपुल म्हणाला. "भरलेल्या माणसाची पकड साधारण जास्तच असते. पण भरायला पाहिजेत स्नायू. पडून पडून जे चढतं ती नुसती चरबी. ती हाताला काही देत नाही, उलट तुम्हालाच उचलावी लागते."

मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्याने बॅग पुन्हा उघडली आणि यंत्र तिच्याच हातात दिलं. तिने दाबलं. सुई गेली पुढे, पण त्याला हवी तिथपर्यंत बहुधा नाही, कारण तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. तुमचं अंग उतरलंय, त्याबरोबर जोरही उतरलाय, तुम्ही जेवता ना, असं विचारू लागला. जेवते की, ती म्हणाली. उरलेलं, उभ्या उभ्या, कधी थेट पातेल्यातून... हे काय डॉक्टरला सांगायचं असतं?

पण दौलतच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं होतं. शिवाय संध्याकाळी तिचे थोरले दीर, सावळाराम भावजी, येणार होते. पडघ्याला अशा आजारी माणसांना सांभाळणारी एक जागा त्यांनी पाहून ठेवली होती, आणि दौलतला तिथे ठेवायचं की नाही, याचं शेवटचं उत्तर त्यांना आज हवं होतं. म्हणून जे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, पुण्याला दिलेल्या लेकीला, उन्नतीलासुद्धा, ते ती बोलून गेली.

"मशीनला दाबत नसतील," ती म्हणाली, "पन माझा हात दाबतात. मी काय इचारलं की दाबतात. दाबला म्हंजे हाय."

विपुल पुन्हा बसला. त्याने आपली दोन बोटं दौलतच्या डाव्या तळव्यावर हलकेच ठेवली, तशी दौलतची मूठ मिटली. त्याने काहीच विचारलं नव्हतं. मग त्याने बोटं काढून घेतली आणि मोठ्याने म्हणाला, काका, मूठ मिटा. हात चादरीवर उताणा पडून राहिला. तान्ह्या बाळाच्या हातात बोट दिलं की ते धरतं ना, तसं आहे हे, असं तो सावकाश सांगत होता, मेंदूला मार बसला की कधी कधी ती जुनी सवय परत येते...

"त्यांना काही कळत नाही असं मी म्हणत नाही, काकी," तो उठताना म्हणाला. "ते मलाही सांगता येणार नाही. पण ही मूठ म्हणजे उत्तर नाही."

तो गेल्यावर ती पलंगाच्या कडेला टेकली. मागे कुठलातरी कंटेनर रिकामा होत होता, खोकी आपटत होती. किती विचारलं होतं मी यांना. पानी पायजे काय? उन्नतीला फोन लावू? पंखा मोठा करू? आणि तो पडघ्याचा विषय निघाला त्या दिवशी, दार लोटून घेऊन, "हितंच ऱ्हायाचं ना, माझ्याजवल?" — तेव्हा मूठ अशी मिटली होती की अंगठी बोटात रुतली, आणि मी बाहेर जाऊन भावजींना ताठ मानेने सांगितलं, यांना जायचं नाही, यांनी मला स्वतः सांगितलंय.

खरं म्हणजे तेव्हाच शंका यायला हवी होती. दौलत कधीपासून होकार देणारा झाला? आख्ख्या संसारात या माणसाच्या तोंडात पहिला शब्द न्हाय. दिघाशीला, माझ्या माहेरी, चार दिवस जाऊ? न्हाय. स्वयंपाकघरात फरशी बदलू? न्हाय. चहा ठेवू? त्यालाही आधी न्हाय, आणि तिचा कप भरला की मग हात पुढे. त्या 'न्हाय'ला तिने आयुष्यभर नाकं मुरडली होती, आणि झटक्यानंतर तो हायच हाय म्हणू लागला तेव्हा... तेव्हा तिला सुख झालं होतं. हे कबूल करताना तिला कसंसंच झालं. आजारी माणूस निवळतो असं म्हणतात, तसा हा निवळला, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

तिने दोन बोटं त्याच्या तळव्यावर ठेवली. "तुमची बुलेट भावजींना देऊन टाकू?"

ती गाडी त्याने सख्ख्या भावाला कधी किक मारायलासुद्धा दिली नव्हती. मूठ मिटली.

तिने बोटं सोडवून घेतली. थांबली. इथंच थांबायला हवं होतं, पण जीभ कुठे ऐकते. पुन्हा बोटं ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "मी नको झालेय तुम्हाला?"

मूठ मिटली. तशीच, अंगठी रुतेल अशी.

म्हणजे इतके महिने एकटीच बोलत होते मी. एकटी — हा शब्द तिने आजवर शेजारणींच्या तोंडून ऐकला होता, एकटी कशी गं करतेस सगळं, आणि दर वेळी मनातल्या मनात हसली होती, कारण तिला ठाऊक होतं की ती एकटी नाही. आता ते हसू आठवून तिला रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही. आली ती भीती, संध्याकाळची. आता 'यांना जायचं नाही' असं म्हणता येणार नव्हतं. 'मला पाठवायचं नाही' असं म्हणावं लागणार होतं, आणि या घरात 'मला' पासून सुरू होणारं वाक्य तिने कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. शिवाय ते खरं तरी होतं का? याला कुशीवर वळवताना आताशा तिच्या पाठीतून कळ जायची. आपणच घास घालून घालून जड केलेला माणूस आपल्यालाच हलेना, याला काय म्हणायचं?

आणि मग भूक लागली. अशी, की तिला स्वतःचीच लाज वाटावी. सकाळी कोळीण खाडीतली बारकी मासळी, निवट्या, देऊन गेली होती, त्यांचं आंबट कालवण चुलीवर तयार होतं. काटे फार म्हणून दौलतसाठी त्याचा उपयोग नव्हता. तिने ताट वाढून घेतलं — त्याला भरवायच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा — आणि स्वयंपाकघरात उभी न राहता ते घेऊन बाहेर आली, त्याच्या पलंगासमोर मांडी घालून बसली. सासू होती तोवर सुना मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. सासू गेली, घर नवं झालं, तरी नवऱ्यादेखत जेवायचं कधी तिच्या मनात आलं नव्हतं. आज आलं, कारण आज देखत कोण होतं? तिने भात कालवला आणि मोठे मोठे घास घेऊ लागली. मासा तोंडात घालून काटे बोटांनी ओढून काढत होती. घामाने कपाळ भिजलं. कालवणाचा ओघळ मनगटापर्यंत आला, तो तिने जिभेने टिपला —

आणि टिपता टिपताच पदर पुढे ओढून ती अर्धी वळली, भिंतीकडे, तोंड लपवून.

घास गालातच राहिला. याच खोलीत, याच माणसासमोर ती इतके महिने केस विंचरत होती, साडी बदलत होती, रडली होती, दुपारी तोंड उघडं टाकून झोपलीही असेल, तेव्हा लाज म्हणून कधी वाटली नव्हती. मग आत्ता कुणाची वाटली? रिकाम्या खोलीत बाई अशी वळते का... मान फिरवून पाहिलं तर कळेल, की त्याचे डोळे छताला आहेत की इकडे. नुसती मान तर फिरवायची.

तिने ती फिरवली नाही. पाठ तशीच त्याच्याकडे ठेवून ती घास चावू लागली, सावकाश, आवाज होणार नाही इतक्या बेताने.